अडलेला घास : एका व्याधीच्या ओळखीचा इतिहास

ग्वाल्हेरच्या लष्करातील आमच्या जुन्या घरात १९५८ सालच्या चातुर्मासाची आठवण पुढे कित्येक वर्षे मोठ्या आदराने काढली जाई. आमच्या आजोबांच्या विधवा भगिनी, ज्यांना सारे घर आत्याबाई म्हणे, त्यांनी त्या वर्षी नेमांचा नुसता सपाटा लावला होता. सोमवार आणि एकादशी तर त्यांच्या आधीपासूनच होत्या. आषाढात त्यांनी पोळी सोडली. पुढे भात सोडला. भाद्रपदात गौरींच्या जेवणालाही त्या पानावर बसल्या नाहीत. दूध आणि साबुदाण्याची पातळ खीर एवढ्यावरच राहू लागल्या. कोणी आग्रह केला की ‘नेम आहे’ एवढे दोनच शब्द बोलत आणि उठून देवघरात जात. घरातील वडीलधारी मंडळी सुनांना त्यांचे उदाहरण देत. दिवाळीच्या सुमारास पाण्याचा घोटही ठसक्यासरशी परत येऊ लागला, तेव्हा कोठे वैद्यांना बोलावणे गेले. त्यांनी वाताचे निदान करून काढे दिले. संक्रांतीचे हळदीकुंकू त्या वर्षी आमच्याकडे झाले नाही. आत्याबाई त्याआधीच गेल्या होत्या. मृत्यूचे कारण म्हणून घरात ‘अशक्तपणा’ हा शब्द रूढ झाला, आणि पुण्याईचा दाखला म्हणून तो चातुर्मास.

पुढे अनेक वर्षांनी घरातील एका डॉक्टर झालेल्या नातीने ही कथा ऐकली आणि दोनच प्रश्न विचारले. आधी पोळी, मग भात, मग दूध आणि शेवटी पाणी, असाच क्रम होता ना? आणि आत्याबाई मिश्री लावीत होत्या का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती. मिश्रीची पितळी डबी त्यांच्या खिडकीत कायम असे आणि दिवसातून तीन-चार वेळा त्या दातांना मिश्री लावीत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. नात थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तो उपास नव्हता. त्यांना गिळता येत नव्हते.”

अन्ननलिकेचा कर्करोग हे नाव आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारले गेले. त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला : १९५८ साली या रोगाविषयी जगाला काय ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते त्यातले आत्याबाईंपर्यंत किती पोहोचू शकले असते? त्या प्रश्नाच्या पाठीमागे जाताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडण्याचा विचार आहे.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिचे काम एकच, घास खाली नेणे. ही नळी लवचीक असते आणि घासागणिक ताणली जाते. त्यामुळे तिच्या आतील अस्तरावर गाठ वाढू लागली तरी प्रथम काहीच जाणवत नाही. आतली वाट निम्म्याहून अधिक अरुंद झाल्यावर घास अडल्याची जाणीव होते. आधी सुका घास अडतो, नंतर मऊ, नंतर पातळ. मनुष्य आपोआप लहान घास घेऊ लागतो, अधिक चावतो, पोळी वरणात भिजवून खातो आणि घासागणिक पाणी पितो. हे सारे इतक्या हळूहळू घडते की रोग्यालाही आपण काही बदलले आहे असे वाटत नाही. रोग या लहानसहान तडजोडींच्या आड दडून राहतो आणि जेव्हा उघड होतो तेव्हा बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. या व्याधीच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक अपयशाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

प्राचीनांना हे लक्षण ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुताने निदानस्थानात कंठरोगांची जी गणना केली आहे, तीत ‘वलय’ नावाची एक व्याधी येते. कफामुळे उत्पन्न झालेला, लांबट व उंचावलेला असा शोफ अन्नाची गती अडवितो, आणि तो असाध्य असल्याने वैद्याने सोडून द्यावा, असा तिथला आशय आहे. वलय म्हणजेच आजचा कर्करोग असे म्हणणे धाडसाचे होईल. अन्नमार्ग अडविणाऱ्या अनेक विकारांचा त्यात समावेश असू शकेल. परंतु अन्नाची वाट अडविणारी आणि उपायांना न जुमानणारी सूज वैद्यांनी पाहिली होती, इतके निश्चित. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथे इब्न झुह्र नावाचा थोर अरबी वैद्य होऊन गेला. त्याने अन्ननलिकेतील अशा वाढीचे वर्णन केले आणि रोग्याला चांदीच्या नळीतून द्रव अन्न देण्याचा उपाय सांगितला. रोग बरा करण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. पण उपासमारीने होणारे मरण लांबविता येईल हे त्याने ओळखले होते.

त्यानंतर सात शतके या बाबतीत फारसे काही घडले नाही. १८४९ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे सेदियो याने रोग्याच्या पोटाला छिद्र पाडून थेट जठरात अन्न पोहोचविण्याचा प्रयत्न केला. रोगी वाचला नाही. १८७६ मध्ये पॅरिस येथे व्हर्नय याला त्यात यश आले. अडलेल्या वाटेला बगल देण्याचा हा उपाय. अडथळा जिथल्या तिथे राही, पण रोगी भुकेने मरत नसे.

अडथळा प्रत्यक्ष पाहायचा कसा, हा प्रश्न त्याहून अवघड होता. शरीराच्या आत अंधार असतो आणि अन्ननलिका तर छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेच्या मागे, हृदयाला आणि महारोहिणीला खेटून गेलेली असते. फिलिप बोत्झिनी या जर्मन वैद्याने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा यांच्या साह्याने शरीराच्या पोकळ्यांत उजेड नेणारे एक साधन तयार केले. समकालीनांनी त्याची फारशी कदर केली नाही. १८६८ साली फ्रायबुर्ग येथील आडोल्फ कुसमाउल याला मात्र एक विलक्षण कल्पना सुचली. जत्रेत तलवार गिळून दाखविणारा मनुष्य मान मागे टाकून तोंड, घसा आणि अन्ननलिका एका सरळ रेषेत आणतो. तलवार जाऊ शकते तर सरळ नळी का जाऊ नये? कुसमाउलने अशाच एका तलवारबहाद्दराला बोलावून त्याच्या घशातून सुमारे ४७ सेंटिमीटर लांबीची धातूची नळी आत उतरविली. नळी गेली, परंतु दिव्याचा उजेड इतका अपुरा होता की आतले नीट दिसेना. विद्वानांच्या प्रयोगशाळेत न सुटलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर जत्रेतल्या खेळाडूपाशी होते, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

उरलेले अर्धे उत्तर विजेने दिले. १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे योहान मिकुलिच याने योसेफ लायटर या कुशल उपकरणकाराच्या मदतीने विजेच्या प्रकाशाचे साधन बनविले आणि अन्ननलिकेतील गाठ जिवंत माणसात डोळ्यांनी पाहणे शक्य झाले. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला. पुढच्याच काळात हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घालून घास खाली उतरताना क्ष-किरणांनी पाहिला. एका हंसिणीच्या लांब मानेतून उतरणारा घास हा त्यातला प्रसिद्ध प्रयोग. पुढे बिस्मथची जागा निर्धोक बेरियमने घेतली. बेरियमचे पांढरे दाट पाणी पिऊन काढलेला एक्स-रे ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की निरोगी नळीत ते सरळ वाहते. आणि गाठ असेल तिथे एकदम निमुळते होऊन उंदराने कुरतडल्यासारखी कडा दाखविते.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी रोग दिसू लागला होता. तो काढता येत होता का?

मानेतील भाग काढता येईल असा अंदाज व्हिएन्नाच्या बिलरोथने १८७१ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून बांधला होता. त्याचा शिष्य चेर्नी याने १८७७ मध्ये एका स्त्रीच्या मानेतील अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढला. ती बाई त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. परंतु बहुतेक गाठी छातीत असतात, आणि छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटते. या भीतीने शल्यवैद्य छातीच्या दाराशीच थबकत असत. १९०४ मध्ये मिकुलिचचा तरुण साहाय्यक झाउअरब्रुख याने ब्रेस्लाउ येथे एक आगळी खोली तयार केली : रोग्याचे डोके बाहेर, धड आत, शल्यवैद्यही आत, आणि खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. त्यामुळे फुप्फुस मिटत नसे. ज्या मिकुलिचने अन्ननलिकेत पहिला पुरेसा उजेड नेला, तो स्वतः पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, जठराच्या कर्करोगाने गेला. १९०९ मध्ये मेल्टझर आणि आउअर यांनी श्वासनलिकेत नळी घालून हवा फुंकण्याची सोपी रीत शोधली आणि त्या खोलीची गरजच उरली नाही.

मग १४ मार्च १९१३ हा दिवस उजाडला. न्यूयॉर्कमधील जर्मन हॉस्पिटलात फ्रान्झ टोरेक याने ६७ वर्षांच्या एका बाईची छाती डाव्या बाजूने उघडली आणि अन्ननलिकेचा रोगग्रस्त भाग काढून टाकला. दोन टोके पुन्हा जोडण्याची विद्या तेव्हा नव्हती. टोरेकने वरचे टोक मानेपाशी त्वचेतून बाहेर आणले. पोटात जठराला आधीच छिद्र केलेले होते. आणि या दोन छिद्रांना शरीराबाहेरून एका रबरी नळीने जोडले. बाई तोंडाने खात, घास मानेतून बाहेर येई, नळीतून उतरे आणि पोटात जाई. अशा रीतीने ती सुमारे तेरा वर्षे जगली, आणि तिचा मृत्यू या रोगाने झाला नाही. जेवायला बसताना रोज गळ्याला नळी जोडणाऱ्या त्या वृद्धेचे नाव इतिहासात आलेले नाही. पण जगातील शल्यवैद्यांना हा रोग हरू शकतो हे तिनेच दाखवून दिले, असे आम्हांला म्हणावेसे वाटते.

टोरेकचे यश मात्र दीर्घकाळ एकाकी राहिले. अन्ननलिकेला आतड्यासारखे बाहेरचे चिवट आवरण नसते. टाके नीट धरत नाहीत, सांधा सुटतो, आणि छातीत सुटलेला सांधा म्हणजे बहुधा मृत्यू. १९३३ मध्ये जपानमधील क्योतो येथे ओसावा याने छातीतील गाठ काढून जठर वर ओढून थेट अन्ननलिकेस जोडण्यात यश मिळविले. १९३८ मध्ये शिकागो येथे ॲडम्स आणि फेमिस्टर यांनीही ते साधले. १९४६ मध्ये आयव्हर लुईस या वेल्श शल्यविशारदाने आधी पोट उघडून जठर मोकळे करावयाचे आणि नंतर उजव्या बाजूने छातीत शिरावयाचे, अशी पद्धत मांडली. ती थोड्याफार फरकाने आजही त्याच्याच नावाने चालते.

ज्यांची गाठ काढता येण्यापलीकडे गेली होती त्यांचाही विचार या काळात झाला. १९२४ मध्ये लंडनच्या हेन्री साउटर याने जर्मन सिल्व्हरच्या तारेची गुंडाळी करून एक नळी बनविली आणि ती गाठीतून आरपार बसविली. रोग तसाच राही, पण उरलेले दिवस मनुष्य तोंडाने पेज, दूध, चहा घेऊ शके. आज वापरतात त्या आपोआप उमलणाऱ्या जाळीदार स्टेंटची ती आजी म्हणता येईल. मरणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत घोट घेता यावा, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी घरात ती उणीव पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही.

आता आम्ही आमच्या प्रश्नाकडे परत येतो. १९५८ साली आपल्या देशात काय होते? मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. अर्नेस्ट बोर्जेस हे गोमंतकीय शल्यविशारद तिथे काम करीत होते. आज त्या रुग्णालयासमोरचा रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मद्रासमध्ये अड्यार येथील कर्करोग संस्था १९५४ पासून काम करीत होती. खुद्द ग्वाल्हेरात १९४६ पासून वैद्यकीय महाविद्यालय होते. बेरियमचा एक्स-रे काही अलौकिक गोष्ट उरली नव्हती. आणि पंजाब मेल ग्वाल्हेर स्टेशनावरून रोज मुंबईस जात होती. आमच्या घरातील माणसे तिने लग्नामुंजींना जात-येत असत.

आणखी एक गोष्ट होती. १९५५ मध्ये, म्हणजे त्या चातुर्मासाच्या तीन वर्षे आधी, ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी काय संबंध आहे, हाच त्याचा विषय. यांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्या देशातील विकृतिशास्त्राचे अग्रणी. म्हणजे तंबाखूवर बोट आपल्याच माणसांनी ठेवले होते. पण तो निबंध इंग्रजीत होता, विलायतेत छापला होता, आणि आत्याबाईंची डबी खिडकीत होती. मिश्री ही तंबाखू भाजून केलेली पूड आहे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. ती तंबाखू आहे असे मात्र कोणालाच वाटत नव्हते. विड्या ओढणे हे व्यसन, आणि मिश्री लावणे हा दात घासण्याचा प्रकार, अशी आमची समजूत.

तरीही आम्हांला येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. आत्याबाईंना पंजाब मेलने परळला नेले असते तर त्या वाचल्या असत्या का? १९८० मध्ये अर्लम आणि कुन्हा-मेलो यांनी जगभरातील १२२ शोधनिबंधांतून ८३,७८३ रोग्यांची शल्यचिकित्सेची हकीकत एकत्र केली. निष्कर्ष विदारक होता. शंभर रोगी घेतले तर ५८ जणांवर शस्त्रक्रियेचा प्रयत्न होई, ३९ जणांची गाठ काढता येई, त्यांतील १३ रुग्णालयातच दगावत, २६ घरी जात, १८ जण एक वर्ष पुरे करीत आणि पाच वर्षांनंतर चार जण उरत. शंभरात चार. तेव्हा आत्याबाई वाचल्या असत्या असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मात्र त्यांच्या न गिळता येण्याला नाव मिळाले असते, नळीवाटे अन्न देता आले असते, वेदनेवर औषध मिळाले असते, आणि आपण गिळू शकत नाही ही गोष्ट त्यांना ‘नेम’ या शब्दाआड लपवावी लागली नसती. इतके निश्चित घडले असते, आणि ते आम्ही घडू दिले नाही.

या चार आकड्यातच पुढील इतिहासाची दिशा दडलेली आहे. गाठ कापण्याचे कसब वाढले तरी गाठ उशिरा सापडते तोवर हिशेब फारसा बदलत नाही. म्हणून लक्षण दिसण्याआधीच रोग शोधला पाहिजे, या विचाराकडे वैद्यक वळले. त्यात दोन वाटा झाल्या.

पहिली वाट दुर्बिणीची. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे लंडनमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर संशोधन करीत असताना, १९५४ मध्ये, काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाकवून नेता येते हे त्यांनी दाखविले. १९५७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे बेसिल हिर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर वाकणारी दुर्बीण तयार केली आणि प्रथम ती स्वतःच गिळली. आता तलवारबहाद्दराची मान असण्याची गरज राहिली नाही. अशी दुर्बीण आत घालून संशयास्पद जागेचा कणभर तुकडा काढून तपासणे, ही आज तालुक्याच्या गावीही होणारी, थोड्या मिनिटांची तपासणी आहे.

दुसरी वाट चीनच्या हेनान प्रांतातील लिनशियन या डोंगराळ तालुक्यातून निघाली. तिथे हा रोग इतका होता की घराघरांत घास अडून माणसे मरत. १९६० च्या दशकाच्या आरंभी शेन छ्योंग या वैद्याने जाळीने मढविलेला एक लहान फुगा बनविला. तो गिळावयाचा, आत फुगवावयाचा आणि हळूच वर ओढावयाचा. जाळीला चिकटून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या. गरीब खेड्यांतून हजारो माणसांना तपासण्याची ही स्वस्त युक्ती. पुढे दुर्बिणीतून अन्ननलिकेवर आयोडीन फवारण्याची रीत अधिक विश्वासार्ह ठरली. भाताच्या पेजेत आयोडीन टाकले तर ती निळी होते, हा शाळेतला प्रयोग आपल्याला आठवत असेल. निरोगी अस्तराच्या पेशींत साठवलेली शर्करा असते, ती आयोडीनने तपकिरी होते; रोगाच्या मार्गाला लागलेल्या पेशींत ती उरत नाही, म्हणून ती जागा रंग घेत नाही आणि चटकन दिसते. शेजारच्या हबेई प्रांतातील त्सशियन तालुक्यात चाळिशीपुढील माणसांची अशी एकदाच तपासणी केली, तेव्हा दहा वर्षांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी अगदी आरंभीची गाठ छाती न उघडता, दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते. हे तंत्र जपानी वैद्यांनी पूर्णत्वास नेले.

पुढे गेलेल्या रोगाचेही चित्र पालटले आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगाने किरणोपचार आणि औषधे एकत्र दिल्यास नुसत्या किरणोपचारांहून कितीतरी अधिक रोगी जगतात हे सिद्ध केले. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ नावाच्या प्रयोगाने दाखविले की शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे औषधे व किरण दिल्यास निम्मे रोगी ४९ महिन्यांहून अधिक जगतात. नुसत्या शस्त्रक्रियेने हा आकडा २४ महिने होता. २०२१ मध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध शस्त्रक्रियेनंतर दिल्यास रोग परतणे लांबते हेही दिसून आले. पोटातून आणि छातीतून लहान छिद्रांवाटे शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून न्यूमोनियासारखे उपद्रव कमी झाले आहेत.

हा रोग एकाच प्रकारचा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा, जुनाट आम्लपित्ताशी आणि स्थूलपणाशी संबंधित प्रकार वाढला. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये वर्णिलेला अस्तरातील बदल ही त्याची पूर्वपायरी. आपल्याकडे अजून मुख्यत्वे दुसरा, म्हणजे तंबाखू, सुपारी, मद्य आणि अतिउष्ण पेये यांच्याशी नाते असलेला प्रकार आढळतो. काश्मीर आणि ईशान्य भारत येथे तो विशेष आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात केलेल्या पाहणीत फार कढत चहा पिणाऱ्यांत हा रोग कित्येक पटींनी अधिक आढळला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ६५ अंश सेल्सियसहून अधिक उष्ण पेये बहुधा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. त्याच संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरविले, आणि २०१२ मध्ये चघळण्याच्या तंबाखूला या रोगाच्या संदर्भात दोषी ठरविले. २०२२ मध्ये जगात सुमारे ५ लाख ११ हजार माणसांना हा रोग नव्याने झाल्याचा आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने गेल्याचा अंदाज आहे. भारतातील नव्या रोग्यांची संख्या ७० हजारांच्या घरात आहे.

आकडे मोठे असले की त्यांतले माणूस दिसेनासे होते. म्हणून शेवटी पुन्हा आमच्या घराकडेच वळतो. दूरदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घराण्यांनी पुष्कळ गोष्टी निष्ठेने जपल्या : भाषा, कुळाचार, चातुर्मासाचे नेम, पंगतीतली शिस्त, आणि घरातील वडील माणसांच्या त्यागाविषयीचा आदर. या आदरातच एक उणीव होती. वडील माणूस पान अर्धवट टाकून उठले तर आपण त्यात वैराग्य पाहिले. विचारले नाही. विचारणे हा अधिक्षेप वाटे. आणि जिने आयुष्यभर इतरांना वाढले, तिला स्वतःच्या घशाची तक्रार करणे लाजिरवाणे वाटे. या दोन संकोचांच्या मध्ये रोगाला हवा तितका वेळ मिळाला.

आज वैद्यकाचे सांगणे अगदी साधे आहे. घास अडकणे, गिळताना दुखणे, अन्न परत येणे, कारणाविना वजन घटणे किंवा आवाज बसणे, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर काढे-गोळ्यांत काळ न दवडता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आणि तंबाखू असेल, मग ती कोणत्याही नावाने आणि कोणत्याही डबीत असो, ती सोडावी. यातले काहीही १९५८ साली समजण्यास अवघड नव्हते. निरखण्याची मात्र गरज होती.

आत्याबाईंची पितळी डबी आजही आमच्याकडे आहे. तिच्यात आता बडीशेप असते. घरातील कोणी वडीलधारे माणूस पोळी वरणात भिजवू लागले, किंवा पाहुण्यांच्या पंगतीत ‘मला नको, माझा नेम आहे’ असे म्हणाले, की आमच्या सूनबाई हातातले वाढपाचे भांडे खाली ठेवतात आणि त्यांच्याजवळ बसून हळूच विचारतात, “गिळायला त्रास होतो का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते. प्रश्न मात्र आता आमच्या घरात विचारला जातो.